दीनाचं पुस्तक घालायचा रविवार

दीनाच्या साखरपुड्यात खाल्लेला बोकड नाताळ उलटल्यावर कव्हर होऊन घरी परत आला.

रणपिशांच्या घरात हा रिवाजच होता. मुलीच्या साखरपुड्याला जो बोकड पडायचा, त्याचं कातडं तरवडाच्या सालीत कमवायचं आणि त्यात तिचं बायबल बांधायचं. लग्नाआधीच्या रविवारी उपासना आटोपली की पाहुण्यांसमोर आतलं पुस्तक त्या कव्हरात बसवायचं. याला 'पुस्तक घालणं' म्हणत. पुस्तक घातल्याशिवाय या घरातली मुलगी आजवर बोहल्यावर गेलेली नव्हती. यामागं काहीतरी खोल अर्थ असावा, असं कोल्हारच्या पाळकसाहेबांना वाटे. त्यांनी आबांना एकदा विचारलंही होतं. आबा म्हणाले होते, "मटन खाऊन संपतं, कातडं उरतं. मग काय करावं?"

कव्हर आबांनी करायचं आणि आतली शिलाई एलियानं, अशी वाटणी होती. आबा म्हणजे कृपादान रणपिसे. नगरच्या छापखान्यात उभा जन्म चामड्यावर सोन्याचा वर्ख चढवण्यात गेला आणि म्हातारपणी प्रवरेकाठी कोल्हारला येऊन टेकले. एलिया त्यांचा मुलगा, श्रीरामपुरात बांधणीचं दुकान घालून बसलेला. दीना ही एलियाची लेक. तिच्या लग्नाआधीच्या या रविवारी घरात एकच अडचण होती. आबा आणि एलिया, हे बापलेक चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं तारेचं मशीन. लढाई चालू असताना दोरा मिळेना, म्हणून एलियानं दुकानात तारेनं पुस्तकं शिवायचं मशीन आणलं. त्यावर शिवलेलं भजनांचं एक पुस्तक आबांच्या हातात पडलं. आबांनी ते उघडलं, मधल्या दोन तारा बोटानं चाचपल्या आणि पुस्तक मिटून सुनेच्या हातात दिलं. "हन्ना, त्याला सांग," ते म्हणाले, "खिळे ठोकायचं काम एकदा हून गेलंय. आपल्या घरात पुन्हा नको."

तेव्हापासून हन्नाची टपालकचेरी झाली होती.

आजही ओट्याच्या एका टोकाला आबा बसले होते, दुसऱ्या टोकाला एलिया. मधे हन्ना लसूण सोलत होती.

"त्याला सांग, कव्हर तयार हाय."

हन्ना नवऱ्याकडं वळली. "कव्हर तयार हाय."

"मला काय ऐकू येत न्हाई का? आबांना म्हणावं, आतलं बी तयार हाय."

"मामंजी, आतलं बी तयार हाय."

"ऐकलं," आबा म्हणाले. "त्याला म्हणावं, वरडायचं काम न्हाई."

हन्नानं सोललेला लसूण ताटलीत टाकला. टपाल खात्यात निदान पोशाख तरी मिळतो, असं तिच्या मनात आलं. महिन्यापूर्वी याच ओट्यावर ती एलियाकडून दोऱ्याचं माप घेऊन आली होती. शिवलेलं पुस्तक किती जाड झालंय ते आबांना कळावं म्हणून. आबांनी तो दोरा हातात सुद्धा घेतला नव्हता. "त्याचा हात मी घडवलाय," ते म्हणाले होते. "त्याचं माप मला दोऱ्यानं कशाला कळवायचं?" एलियाला हे सांगितलं तर तो म्हणाला होता, "मला बी त्यांचं कव्हर कसं आसतंय ते ठावं हाय." दोघांनाही सगळं माहीत होतं, म्हणून हन्ना निश्चिंत झाली होती. तिचं चुकलंच ते.

*

घरात मेरीआत्या वेगळ्याच काळजीत होती.

ही एलियाची थोरली बहीण. पुस्तक कव्हरात घातल्यावर खळ वाळेपर्यंत त्यावर भार लागतो. छापखान्यात त्यासाठी लोखंडी शिकंजा होता. आबा तिथून निघाले तेव्हा त्यांना जुने पितळी ठसे मिळाले, शिकंजा काही मिळाला नाही. मग घरी पहिलं पुस्तक घातलं त्या दिवशी आबांनी खाली फळी, वर फळी, मधे पुस्तक असं ठेवून वर आपल्या मावशीला बसवलं. आक्काबाई मावशी भरभक्कम बाई. जेवणं होऊन पानसुपारी होईतो ती हलली नाही, आणि पुस्तक असं बसलं की आजही त्यात पापाचा वारा शिरत नाही, असं आबा सांगत. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला हा मान जाऊ लागला. आक्काबाईनंतर तो मेरीआत्याकडं आला. ती कॅथलिक घरात पडलेली, म्हणून रोमच्या माणसानं आपल्या बायबलावर बसावं का, असा प्रश्न भाऊबंदांनी काढला होता. आबांनी निकाल दिला होता की वजनाला पंथ नसतो.

पण गेल्या पावसाळ्यात आत्याला विषमज्वर झाला आणि ती निम्मी झाली. मान जाणार हे तिला दिसत होतं. म्हणून तिनं आज लुगड्यावर लुगडं नेसलं होतं आणि आतून कमरेला गोधडी गुंडाळली होती.

"आत्या, तुम्हाला उकडत नाही का?" दीनानं विचारलं.

"मला थंडी वाजतीय."

"घाम आलाय तुम्हाला."

"थंडीचाच हाय."

त्याच वेळी शेवगावची मंडळी सर्व्हिस मोटारीतून उतरली. दीनाची होणारी सासू लंकाबाई पुढं होती. ती दारात आली तेव्हा ओसरीवरचा उजेड कमी झाला. मेरीआत्यानं तिला खालून वर पाहिलं आणि मनातल्या मनात हात टेकले.

चहा झाल्यावर लंकाबाईनं सगळं विचारून घेतलं. बाई स्पष्ट होती. "पवित्र पुस्तकावर मान्सानं बसायचं? ह्ये काय मला पटंना."

"पुस्तकावर न्हाई, फळीवर बसायचं," आबा म्हणाले. "पुस्तक खाली आपलं काम करतं."

"आनि बसनार कोन?"

सगळे दोघींकडं आळीपाळीनं पाहू लागले. बोकड ज्याच्याकडून घेतला तो शेजारचा मच्छिंद्र दारात उभा होता. नुसत्या नजरेनं जनावराचं वजन सांगण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

"मच्छिंदर," आबा म्हणाले, "तू सांग."

मच्छिंद्रनं दोघींकडं प्रामाणिकपणे पाहिलं. "हितून कळंना झालंय. एकदा उचलून बघावं लागंल."

त्याला वैरण बघायला पाठवण्यात आलं.

मेरीआत्यानं एलियाला आत ओढलं. चार वर्षांत ती भावाच्या बाजूनं एक शब्द बोलली नव्हती. वर्खावर वाढलेली, ती आबांच्याच पक्षात होती. पण संकटात माणूस पक्ष बदलतो. "एल्या, ऐक. तारेबद्दल मी आबांना समजावते. तू फकस्त त्या बाईला बसू देऊ नको."

"का? लग्नानंतर आपलीच हाय ती."

"येडा हायेस. आज पुस्तकावर बसली तर उद्या पोरीच्या डोक्यावर बसंल."

एलियाला हे पटलं. पण त्याला हेही दिसत होतं की बहिणीच्या लुगड्यातून गोधडीचं एक टोक बाहेर आलं आहे.

*

उपासनेहून आल्यावर ओसरीवर पांढरं धोतर अंथरलं. आबांनी कापडात गुंडाळलेलं कव्हर आणून उलगडलं.

काळपट तांबडं कातडं, त्याच्या चारी कडांनी वेलीची सोनेरी चौकट, आणि मधोमध बदामाच्या आकाराचा सूर्य, किरणांसकट. जेवताना त्या बोकडाला कुणी मानानं वागवलं नव्हतं. ज्यांनी नळ्या फोडल्या होत्या ते जरा ओशाळले.

"लई जुनी रीत हाय ही," आबा लंकाबाईला सांगू लागले. कामाविषयी बोलताना त्यांना श्वास पुरायचा. "सुलतानाच्या वेळचे कारागीर पुस्तकाच्या मधोमध सूर्य काढायचे. मागनं साहेब आला. त्याला सूर्याचं सोयरसुतक न्हाई. त्यानं कडेनं कुंपन घातलं. मी दोघांचं बी काम जवळनं पाहिलंय. म्हनून मी कुंपनात सूर्य घालतो."

"चांगलं केलं," लंकाबाई म्हणाली. "न्हाईतर कुनाच्या तरी वावरात गेला असता."

आबांनी तिच्याकडं नव्या आदरानं पाहिलं.

मग एलियानं आतलं पुस्तक आणलं. छापील कागदांचे फर्मे घडी करून, दोरीवर एकेक ओवून शिवलेलं. दोरा त्यानं कुठून पैदा केला ते त्यालाच माहीत. तार एकही नव्हती. आबांनी हे पाहिलं, पण हन्नाकडं काही निरोप दिला नाही. एलियानं पुस्तक कव्हरात ठेवलं, दोन्ही बाजू मिटल्या आणि उभं धरलं.

आतलं पुस्तक घसरून बाहेर आलं.

त्यानं पुन्हा घातलं. पाठीपाशी अंगठा जाईल एवढी फट राहिली. पुस्तक आत असं डुलत होतं, जसा थोरल्या भावाच्या कोटात धाकटा.

एलियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुस्तक फुगलं तर आबा त्याला बोल लावणार, हे त्यानं पहिल्यापासून धरून ठेवलं होतं. आबांचं कव्हर नेहमी घट्ट. म्हणून शिवल्यावर त्यानं आठवडाभर ते दगडानं ठोकलं होतं, दाबलं होतं, दुकानातल्या तारेच्या मशीनखाली उशाला ठेवलं होतं. आबांना त्रास पडू नये म्हणून. आता हे कुणाला सांगायचं? आणि कुणामार्फत?

आबा कव्हराच्या पाठीकडं बघत होते. एलियाचा दोरा जाड, त्याची शिलाई फुगते, हे ते पोरगं हाताखाली होतं तेव्हापासून पाहत आलेले. म्हणून या खेपेला त्यांनी पाठ मुद्दाम ऐसपैस कापली होती. पोराची चारचौघांत फजिती नको. त्यांच्या सबंध कारकिर्दीत ढिलं कव्हर हे एवढंच.

दोघांनीही एकमेकांची काळजी घेतली होती आणि पुस्तकाची वाट लागली होती.

"हन्ना," आबा म्हणाले, "त्याला इचार, आतलं बारीक का केलं?"

"त्यांना इचार, वरचं मोठं का केलं?"

हन्नानं दोघांकडं पाहिलं. "मी न्हाई इचारत," ती म्हणाली. "तुमचं तुमी इचारा." पण कुणीच विचारलं नाही.

मच्छिंद्र वैरण बघून परत आला होता. "कातडं नव्यानं करायचं तर त्या बोकडाचा भाऊ हाय माझ्याकडं. रक्ताचाच हाय."

"भाऊ चालत न्हाई," आबा म्हणाले. "साखरपुड्याला जो पडला त्योच."

"आणि त्याचं सगळं कातडं यात गेलंय," एलिया हन्नाकडं बघून म्हणाला.

लंकाबाईनं पदर सावरला. "मग आता? पुस्तक घातल्याबगर लगीन व्हनार न्हाई म्हनता. बेस्तरवारी लगीन हाय. माझी मानसं निघालीत तिकडून."

दीना उंबऱ्यात उभी होती. एवढा वेळ तिनं काही म्हटलं नव्हतं, कारण नवऱ्यामुलीनं बोलू नये असं आत्यानं सकाळी बजावलं होतं. "फट आहे तर भरायची," ती म्हणाली. "पानं घालू. कोरी."

"कागद कुठाय?" एलिया म्हणाला. "लढाई संपली, पण कागद अजून परवान्यावर हाय. दुकानात पुरचुंडी बांधायला न्हाई मला."

दीना आबांकडं पाहत राहिली. आबा दुसरीकडं पाहू लागले. ती काय विचार करतेय ते त्यांना कळलं होतं.

*

आबांच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती. त्यात त्यांचा जन्मभराचा संग्रह होता. पुस्तकांचा नव्हे, कव्हरांचा. लोक जुनी पुस्तकं नव्यानं बांधायला देत, आणि जुनं कव्हर टाकून द्या म्हणत. आबांनी ती कधी टाकली नाहीत. फारसी पोथीचं, पुढं जिभेसारखी पट्टी असलेलं. साहेबाच्या बायबलाचं, चांदीच्या कडीचं. कुणा मडमेच्या चित्रवहीचं मखमली. वेलबुट्टी रंगवलेल्या लाकडी फळ्या. पेटीत वाचायला एक अक्षर नव्हतं. वाळवी एकदा शिरली होती. तिलाही कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून निघून गेली.

दीना लहानपणी त्या पेटीशेजारी बसून वर्खासाठी अंड्याचा पांढरा बलक फेटून द्यायची. वर्ख लावायला शिकवा म्हणून तिनं कितीदा विचारलं असेल. आबांचं उत्तर ठरलेलं. "बाईच्या बांगड्या वाजत्यात. वर्ख वाऱ्यानं उडतो." आणि महिन्यापूर्वी तिला कळलं की पेटी, ठशांसकट, श्रीरामपूरच्या राधाकृष्ण शेठना जायची आहे. शेठ कापसाचे व्यापारी. शोभेच्या बांधणीची पुस्तकं काचेच्या कपाटात लावून ठेवायची त्यांना आवड. आबांनी शब्द दिला होता. का, ते हन्नानं तिला सांगितलं होतं. "मामंजी म्हनाले, एल्याच्या हाती गेली तर त्यो तारा मारील."

शेठ ती न्यायला आजच यायचे होते.

"आबा," दीना म्हणाली. ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "पेटीतल्या प्रत्येक कव्हरात एकेक कोरं पान चिकटून आहे. पुस्तक काढलं तरी ते राहतं. मी मोजली नाहीत, पण फट भरेल."

"संग्रहातलं पान काढत न्हाईत."

"का?"

"कव्हराचं नाक असतं ते. काढलं की कव्हर मरतं."

"नाक ठेवून ती काचेत राहणार. काढलं तर पुस्तकात राहतील."

मेरीआत्या मधे पडली. "आबा, पोरीचं लगीन हाय. जुनं नाक घेऊन काय करता?" गोधडीचं टोक आता पार गुडघ्यापर्यंत आलं होतं, पण तिला भान नव्हतं.

"समजा काढली," आबा म्हणाले. "घालनार कुठं? पुढं घातली तर उत्पत्तीच्या आधी काय होतं असं लोक इचारतील."

"मधे," दीना म्हणाली. "जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो, तिथं. शब्बाथशाळेत शिकवलंय आम्हाला. मलाखी आणि मत्तय यांच्यामधे चारशे वर्षं देव कुणाशी बोलला नाही. तिथं कोरी पानंच शोभतील."

कुणी हसलं नाही. आबांनी खांबाकडं पाहिलं. एलियानं दुसऱ्या खांबाकडं पाहिलं. खांबांची संख्या पुरेशी होती हे बरं झालं.

बराच वेळ गेला. मग आबा उठले, आत गेले आणि पेटी ओढत बाहेर आणली. किल्ली त्यांच्या गळ्यात होती. त्यांनी सुरी काढली, फारसी कव्हर मांडीवर घेतलं आणि त्याचं पान पाठीपासून असं सोडवलं, जशी झोपलेल्या पोराच्या हाताखालची चादर. एक. मग दुसरं. एकही पान फाटलं नाही. जुन्नरी कागदाचं पिवळट, साहेबाच्या कागदाचं निळसर, एक मोरपिसासारखं लाटांचं रंगीत. सगळी वेगवेगळ्या काळाची, आणि सगळी कोरी.

त्यांनी ती चवड हन्नाच्या हातात द्यायला धरली. हन्ना तिथं नव्हती.

"भाकरी करपतीय," असं आतून ऐकू आलं. भाकरी अजून थापायची होती, हे फक्त लंकाबाईला माहीत होतं, कारण ती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. ती काही बोलली नाही. दोन्ही विहिणींत त्या घटकेला जी समजूत झाली, ती पुढं दीनाला पुष्कळ वर्षं उपयोगी पडली.

आबा हात पुढं करून उभे. एलिया समोर. टपाल बंद.

शेवटी आबा पानांशी बोलले. "पानांनो," ते म्हणाले, "जोड्या करून घडी घातली पायजे. न्हाईतर दोरा फाडंल तुमाला."

एलियानं पानं घेतली आणि खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं सुईला सांगितलं, "एका मान्सानं पुस्तक उघडं धरलं तर मधल्या घडीत जाता येईल."

आबा बसले आणि त्यांनी पुस्तक उघडं धरलं. दोरा एकदा अडकला.

"वलं करून घे, दोऱ्या," आबा म्हणाले.

दोऱ्यानं ऐकलं. एलियानं तो जिभेवर ओला करून पुन्हा ओवला. दीना खळ ढवळत बसली होती. तिला हसू येत होतं आणि रडूही, पण खळीत गुठळी होईल म्हणून तिनं दोन्ही केलं नाही.

*

राधाकृष्ण शेठ आले तेव्हा पुस्तक कव्हरात बसलं होतं. आता डुलत नव्हतं. बोटाला बोट लागावं तशी पाठ पाठीला लागली होती. फक्त खळ ओली होती.

शेठ मोटारीतून उतरले. उतरायला त्यांना ड्रायव्हरची आणि ड्रायव्हरला मोटारीची मदत लागली. ओसरीवरच्या सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. मेरीआत्या आणि लंकाबाई यांनी पहिल्यांदाच एकमेकींकडं प्रेमानं पाहिलं.

शेठना त्यातलं काही कळलं नाही. त्यांची नजर उघड्या पेटीवर गेली. त्यांनी फारसी कव्हर उचललं, उघडलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आबा, यातलं पान?"

"काढलं."

"यातलं?"

"ते बी."

शेठनी एकेक करून सगळी पाहिली. "आमच्या कपाटात नाक कापलेलं कव्हर चालत नाही हो. मी लोकांना दाखवायचं काय? तुम्ही मला शब्द दिला होता."

"पेटीचा दिला होता," आबा म्हणाले. "पेटी ही हाय. न्या."

एलियानं वर पाहिलं. आबांचा चेहरा अगदी सरळ होता. बापाचा हा सरळ चेहरा तो ओळखून होता. शब्द दिलेला म्हातारा शब्द मोडत नाही. तो फक्त असं काही करतो की दुसऱ्यानंच तो परत करावा. पोरीनं पानं मागितली तेव्हा आबा का इतका वेळ गप्प बसले, ते एलियाला आत्ता कळलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला, हसू पुसायला.

"नको," शेठ म्हणाले. "अशी नको. निदान ठसे तरी द्या."

"ठसे पेटीतच राहत्यात. त्यांना सवय झालीय."

"मग पेटी कुणाला?"

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. दीना खळीचं भांडं धरून बसली होती.

"दीना," ते म्हणाले. "पाठीवर नाव घालायचं ऱ्हायलंय. अंडं फेट. आनि चिंधी घेऊन बांगड्या बांध."

दीनाच्या हातातलं भांडं तिथंच राहिलं. तिनं पदराची किनार टरकन फाडली. हळद लागायच्या आधी नवं लुगडं फाडलं म्हणून आत्या ओरडणार होती, पण लंकाबाईनंच पुढं होऊन सुनेच्या हातावर गाठ मारली. "आवळून बांदते," ती म्हणाली. "शेवगावला वारं लई हाय."

"आधी पुस्तक दाबायला पायजे," एलिया हवेत म्हणाला. "खळ सुकाय लागली."

सगळ्यांनी शेठकडं पाहिलं.

मेरीआत्यानं मन मोठं केलं. तिनं कमरेची गोधडी सोडली, घडी करून फळीवर अंथरली आणि म्हणाली, "शेठ, बसा. मान तुमचा."

शेठना सगळं समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर ते फळीकडं पाहत राहिले. "माझ्याकडं एवढी पुस्तकं," ते म्हणाले. "सगळी काचेत. किल्ली माझ्या कमरेला. मी त्यातल्या कशालाही हात लावू देत नाही. एखादं बनताना मी जवळ सुद्धा उभा नव्हतो."

"उभं ऱ्हाऊन उपेग न्हाई," आबा म्हणाले. "बसावं लागतं."

"पण मी हिंदू माणूस."

"वजनाला पंथ नसतो, शेठ," मेरीआत्या म्हणाली. हा निकाल तिच्याच खटल्यातला होता.

शेठनी पगडी काढून ड्रायव्हरकडं दिली, धोतर सावरलं आणि फळीवर बसले. फळी कण् करून बोलली. मच्छिंद्र दारातून अदबीनं बघत होता. असं वजन त्याच्या आयुष्यात एकदाच, आणि तेही विकायचं नव्हतं.

जेवणं झाली. शेठना ताट तिथंच, मेरीआत्याच्या हातच्या भाजीभाकरीचं. त्यांनी शिवाशिवीचा विचार केला की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी दोनदा भाजी मागितली. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. दीना कोपऱ्यात चामड्याच्या तुकड्यावर ठसा टेकवून बघत होती. आबा तिच्या मनगटाकडं, आणि मनगटातल्या न वाजणाऱ्या बांगड्यांकडं. पहिल्यांदा वर्ख उडाला आणि मच्छिंद्रच्या मिशीवर जाऊन बसला. दुसऱ्यांदा बसला तिथंच बसला.

शेठचे पाय झोपले होते. ते इकडं कलले, तिकडं कलले. एका टोकाला आबा होते, दुसऱ्या टोकाला एलिया.

"वाळलं असेल आता," शेठ म्हणाले. "उठू का?"

"बसा," दोघं एकदम म्हणाले.

एकच शब्द, एकाच दमात, एकाच आवाजात. बाप-लेकाचा आवाज इतका सारखा आहे हे घरातल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. चार वर्षांत तो एका वेळी एकच ऐकू आला होता. दोघांनी शेठच्या डोक्यावरून एकमेकांकडं पाहिलं.

"खळ तूच उकळली ना?" आबा म्हणाले.

"मीच."

"पातळ झालीय."

"पातळ न्हाई. मोरचूद जास्त पडलं. तुमच्या डबीतलं जुनं हाय, त्याला काय करू?"

"डबीला नाव ठेवू नको. माझ्या डबीतल्या मोरचुदानं उभ्या छापखान्यात कसर लागली न्हाई."

"छापखान्यात कसर लागली न्हाई, कारन छापखान्यात मांजर होतं—"

"मांजर कसर खातं?"

"तुमीच सांगितलं होतं मला लहानपनी."

"तू ऐकलंस कशाला?"

आत चुलीपाशी हन्नानं रात्रीच्या जेवणाची भाकरी तव्यावर उलटली. बाहेर आवाज चढत होते. शेठ मधे बसून एकदा इकडं, एकदा तिकडं मान हलवत होते. कुणीतरी आता आपल्याला हाक मारील, म्हणून ती थोडा वेळ थांबली. कुणी मारली नाही. मग तिनं परातीत नवा गोळा घेतला आणि निवांत थापायला लागली.